अप्पा येऊन गेले

आम्ही नदीवर पोहोचलो तेव्हा पाण्यावरचं धुकं अजून हललं नव्हतं, आणि अप्पा आधीच येऊन बसलेले होते.

जांभळाच्या झाडाखाली पोतं टाकून ते न्हाव्याशी बोलत बसले होते. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, शेजारी चपला जुळवून ठेवलेल्या. मी जीपमधून उतरलोसुद्धा नाही. हिरामणला, माझ्या ड्रायव्हरला, म्हटलं, "बघितलंस?"

"बघितलं, भाऊ."

"आपण कोंबडं आरवायच्या आधी घर सोडलं."

"हो ना."

"मग हा माणूस कधी निघाला असेल?"

हिरामण स्टेअरिंग पुसत बसला. माझ्याकडे चार वर्षं काढल्यावर त्याला एवढं कळलं होतं, की या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

त्या दिवशी टेंभुर्डीच्या सुकलालतात्यांचा दहावा होता. तात्या म्हणजे माझा माणूस. मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा त्यांनी स्वतःची जीप मला दिली होती आणि स्वतः महिनाभर बैलगाडीतून हिंडले होते. निदान त्यांच्या दहाव्याला तरी अप्पांच्या आधी पोहोचायचं, असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. बातमी फुटू नये म्हणून घरी बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं. नाशिकला चाललोय, मुक्काम पडेल, असं सांगून निघालो होतो. आणि अप्पा पोत्यावर बसून होते.

अप्पा कापडणीस आमच्या तालुक्याचे वीस वर्षं आमदार होते. मी निंबा बच्छाव, कांदेवाला. वडिलांची सहा एकर, त्यात चार एकर कांदा आणि उरलेल्यात पोटापुरती बाजरी. घरी कांद्याचं बी धरायचो, ते चांगलं उतरायचं, म्हणून चार गावांत नाव होतं. ज्या वर्षी कांदा रस्त्यावर ओतायची पाळी आली, त्या वर्षी लोक अप्पांवर चिडले. कांदेवाल्यांच्या आघाडीला उमेदवार पाहिजे होता. बोलणारे पुष्कळ होते, पण ज्याच्यावर कोणाचाच राग नाही असा मीच सापडलो. उभा राहिलो आणि निवडून आलो. सगळ्यांत जास्त नवल मला वाटलं.

गुलाल धुऊन झाला आणि मग सुरू झालं ते. पहिल्याच आठवड्यात तालुक्याच्या स्टँडवर पेपर घेत उभा होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "आमदार आले, सरका." मी हसतमुखाने वळलो. अप्पा एसटीतून उतरत होते. लोक त्यांची पिशवी घ्यायला धावले. मला बघून एक जण म्हणाला, "अरे निंबाभाऊ, तुम्ही पण इथंच का?"

पाच वर्षं हेच. ते आमदार आणि मी निंबाभाऊ. बायको म्हणायची, "भाऊ म्हणतात, त्यात वाईट काय आहे?" वाईट काही नव्हतं. पण रात्री जेवताना घास अडकायचा.

त्याहून जास्त अडकायचं ते वेगळंच. मुंबईहून अधिवेशन आटोपून यायचो. कुठं कोणाच्या घरी मयत झालेली असायची, कुठं आग लागलेली, कुठं पोरगी विहिरीत पडलेली. मी तडक जायचो. घरातला माणूस पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "अप्पा येऊन गेले, भाऊ. त्यांनी—"

"माहीत आहे," मी म्हणायचो, आणि दुसरा विषय काढायचो.

प्रत्येक गावात हे वाक्य माझ्या आधी येऊन बसलेलं असायचं. अप्पा येऊन गेले. मी पुढे ऐकूनच घ्यायचो नाही. या माणसाला हरवलं मी, आणि हाच माझ्या पुढे पुढे चालतोय. याचे हेर असले पाहिजेत. पुढच्या निवडणुकीची पेरणी करतोय हा, लोकांच्या दुःखात. असं मी हिरामणला सांगायचो, आघाडीतल्या लोकांना सांगायचो, रात्री आढ्याकडे बघत स्वतःला सांगायचो.

तर त्या दिवशी मी जीपमधून उतरलो. अप्पांनी मला बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तू आलास होय?" ते म्हणाले. "बरं झालं."

तू आलास होय. माझ्याच माणसाच्या दहाव्याला. मी त्यांच्यापासून चार हात लांब बसलो.

तात्यांचा मुलगा रतन ओल्या धोतराने आला, पाया पडला. डोक्याचा तुळतुळीत गोटा, डोळे सुजलेले. म्हणाला, "भाऊ, तुम्ही येणार नाही असं कळलं होतं. अप्पांचा कालच निरोप—"

"असू दे, रतन. मी आलोय ना?" मी म्हणालो.

पिंड ठेवले. कावळा बराच वेळ आला नाही. लोक कुजबुजायला लागले, तात्यांचा जीव कशात अडकला असेल म्हणून. रतनने भावाला सांभाळीन म्हटलं, आईला सांभाळीन म्हटलं. शेवटी अप्पा उठले, पिंडापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "सुकलाल, पुलाच्या पलीकडचा रस्ता पण होईल. मी बघतो." आणि कावळा आला. योगायोग असेल. पण काठावरच्या सगळ्या माणसांनी अप्पांकडे असं बघितलं, की मला तिथं बसवेना. टेंभुर्डीचा तो पूल मी आणला होता. त्याच्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या मी झिजवल्या होत्या, आणि मेलेल्या माणसाला शब्द देत होते हे.

मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. रतनचा चुलता उभा राहिला आणि म्हणाला, "आता मी आमदारांना विनंती करतो, की त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी अर्धा उठलो. त्याची नजर अप्पांकडे होती. अप्पा बसूनच राहिले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. चुलता ओशाळला, "हो हो, निंबाभाऊ, तुम्ही बोला," म्हणाला. अर्धा उठलेला माणूस ना बसू शकतो ना उभा राहू शकतो. मी बोललो. काय बोललो ते आज आठवत नाही. बोलताना तात्यांपेक्षा अप्पांचाच विचार डोक्यात होता, एवढं आठवतं.

माणसं पांगायला लागली तशी मी अप्पांना जीपपाशी गाठलं.

"अप्पा, एक विचारायचंय."

"विचार की."

"पुढच्या खेपेला उभं राहायचंय ना तुम्हाला? मग सरळ सांगा. हे मयतीत शिरणं कशाला?"

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. "कोणी सांगितलं तुला, मी शिरतो म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी जाईन तिथं तुम्ही येऊन गेलेले असता. चार वर्षं बघतोय. कोण खबर देतं तुम्हाला?"

त्यांनी उपरणं झटकलं, घडी केली, परत खांद्यावर टाकलं. मग अगदी हळू म्हणाले, "निंबा, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"घरी विचार," ते म्हणाले आणि पायीच वाटेला लागले.

हिरामणने गाडी कशी हाकली मला कळलं नाही. घरी आलो तेव्हा इंदू कांदाचाळीत बसून होती. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडतो, तो वेचून काढावा लागतो, नाहीतर एकापायी दहा जातात. दोन बाया आणि ती, तिघींच्या भोवती सडक्या कांद्याचा वास सुटला होता. मला बघून ती म्हणाली, "नाशिकला गेला होतात ना?"

बायांना मी चहाला पाठवलं.

"अप्पांना खबर तू देतेस?"

ती दचकली नाही. हातातला कांदा दाबून बघितला आणि चांगल्यांत टाकला. "हो," म्हणाली.

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मी तिथंच पाटीवर बसलो.

"तुम्ही निवडून आलात त्या पावसाळ्यातली गोष्ट," ती सांगायला लागली. "अंबापूरला विहिरीचं काम चाललं होतं आणि दरड कोसळून दोन माणसं गेली. गाव इथं दारात आलं. तुम्ही मुंबईत. फोन केला तर कोणी उचलेना. आमदार कुठंयत, आमदार कुठंयत, असा सगळा गलका. मी काय सांगणार? दुपार झाली, मढी तशीच पडलेली. पोलीस पाहिजे, तहसीलदार पाहिजे, कोणीतरी वजनाचा माणूस उभा पाहिजे. मी शेजारच्या पोराला अप्पांकडे पाठवलं."

"त्याच माणसाकडे?"

"दुसरा कोण होता? ते इथं दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मला म्हणाले, वहिनी, मी हरलेला माणूस. मी गेलो तर लोक म्हणतील, मतं मागायला आला. तिथं जाऊन काय सांगू? मी म्हटलं, सांगा, निंबा बच्छावांनी पाठवलंय."

"मग?"

"मग काय. गेले आणि तसंच सांगितलं. रात्री परत येऊन मला म्हणाले, वहिनी, सांगितलं बरं का. त्यानंतर तुम्ही नसलात की मी त्यांना निरोप धाडते. ते जातात आणि म्हणतात, निंबाभाऊ मुंबईत आहेत, त्यांनी पाठवलंय. दर वेळी. काल मला वाटलं तुम्ही नाशिकला चाललात. तात्यांच्या दहाव्याला आपल्या घरचं कोणी नाही, हे बरं दिसलं नसतं. आम्ही बाया काही नदीवर जात नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला गेले होते. पहिल्याच वेळी. तुम्ही अप्पांचं नाव ऐकलं आणि ताटावरून उठलात."

ते खरं होतं. गावोगाव लोकसुद्धा तेच सांगत असणार, अप्पा येऊन गेले, त्यांनी सांगितलं भाऊंनी पाठवलंय. त्यातलं अर्धंच माझ्या कानात शिरत होतं.

हे सगळं ऐकून मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. आतापर्यंत मी त्यांच्या नावावर, त्यांच्या धोतरावर, लोक त्यांची पिशवी धरत त्यावर जळत होतो. तो माणूस लबाड आहे, एवढा एक आधार होता मला. तोही गेला. आणि वर हे, की माझ्या बायकोला अडचणीच्या वेळी माझ्याआधी त्यांचं नाव सुचत होतं. चार वर्षं ही दोघं माझा संसार नीट चालवत होती आणि मी आढ्याकडे बघत हेर मोजत होतो.

"तुम्हाला राग आला," इंदू म्हणाली.

"नाही."

"आलाय. चेहरा सडक्या कांद्यासारखा झालाय."

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या घरी गेलो. त्यांच्या अंगणात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. घर साधंच, कौलारू. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. अप्पा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. सरकून त्यांनी मला जागा दिली आणि मूठभर शेंगा पुढे ठेवल्या.

"वहिनींवर चिडू नकोस," ते म्हणाले.

"नाही चिडलो. पण अप्पा, तुम्ही हे का केलंत? मी तुम्हाला पाडलं होतं."

"खरं सांगू? मला घरात बसवत नव्हतं. वीस वर्षं दारात गर्दी. पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात कोंबडी फिरकली नाही. वहिनींचा निरोप आला तेव्हा मी भिंतीशी बोलायच्या बेतात होतो. तुझं नाव घ्यावं लागलं, ते पहिल्या वेळी फार जड गेलं. जीभ उचलेना. मग सवय झाली." त्यांनी शेंगेचं टरफल फुंकलं. "आणि आमदार असताना मी कधी कोणाच्या घरात बसलो नव्हतो रे. गाडीतून हात करायचा, हार घ्यायचा, पुढं. तुझ्या नावाने गेलो तेव्हा बसावं लागलं. घाई कसली, मी थोडाच आमदार होतो?"

"पण लोक अजून तुम्हालाच आमदार म्हणतात."

"जिभेला वळण पडलंय त्यांच्या. तेवढ्यावर झुरत होतास की काय तू?" ते हसले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. "टेंभुर्डीच्या पुलाला लोक काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"निंबाचा पूल. कडेला निंबाचं झाड आहे ना."

"झाड होतं. पुलाच्या कामातच तोडलं ते. तूच पंचनाम्याला होतास."

मी एक शेंग फोडली. शेंगा कुरकुरत राहिल्या.

थोड्या वेळाने मी विचारलं, "उभं राहणार का पुढच्या खेपेला?"

"राहणार," ते म्हणाले. जराही न थांबता म्हणाले. "मला आता हे काम पहिल्यापेक्षा चांगलं येईल असं वाटतं. पण आजपासून तुझ्या नावाने कुठं जाणार नाही. आता ते खोटं होईल. वहिनींनाही तसं कळव."

मी उठलो. फाटकापाशी त्यांनी हाक मारली. मला वाटलं, काही मोठं बोलतील. म्हणाले, "शेंगा विसरलास."

निवडणूक फाल्गुनात आली. मी उभा राहिलो. आघाडीने नको नको म्हटलं असतं तरी राहिलो असतो, कारण अप्पा उभे होते. प्रचारात लोक माझ्याशी चांगले वागले. पाणी दिलं, चहा दिला, पूल चांगला झाला म्हणाले, विधानसभेत कांद्यावर बोललात ते पेपरात वाचलं म्हणाले. आणि मत अप्पांना दिलं. मी सपाटून पडलो. टेंभुर्डीतसुद्धा मागे राहिलो. मतमोजणीच्या हॉलमध्ये अप्पांनी मला मिठी मारली, त्यांचा गुलाल माझ्या सदऱ्याला लागला. मी तो बाहेर नळावर धुतला. नंतर पुढच्या पाच वर्षांत आघाडीच मोडली आणि मला परत कोणी उभं राहा म्हटलं नाही. माझी आमदारकी ती तेवढीच.

घरी आलो तेव्हा कांदा काढणी चालू होती. इंदू वाफ्यात बसून विळ्याने पात कापत होती. निकाल तिला माझ्याआधी कळला होता, रेडिओवर. तिने मला पाणी दिलं. मी शेजारी बसलो, विळा घेतला, आणि कापता कापता विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"इंदू, तू मत कोणाला दिलंस?"

तिने दोन कांद्यांची पात कापली.

"अप्पांना," ती म्हणाली.

शेजारच्या वाफ्यातल्या बाया एकाएकी भराभर कांदे उपटायला लागल्या.

"का?"

"तुम्ही निवडून आला असतात तर अजून पाच वर्षं असेच जळत राहिला असतात. मला नसतं बघवलं."

"आणि आता नाही जळणार?"

"आताही जळाल. पण घरी जळाल. माझ्या समोर."

मी रागावलो नाही असं सांगणार नाही. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. जेवायला वेगळा बसलो. अंथरूण ओट्यावर टाकलं. मनात एकच चाललं होतं, की या माणसाने माझी खुर्ची घेतली, माझी गावं घेतली, माझ्या घरातलं मतसुद्धा घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. फाल्गुनात असं येतं कधी कधी, आणि आलं की कांदेवाल्याचा जीव वर होतो. शेतात कांद्याचे ढीग उघडे पडले होते. एक सर आली असती तर सगळा माल गेला असता. आम्ही दोघं धावलो. बायांनी पात टाकायला सुरुवात केली, पण नुसत्या पातीने काय होतंय?

मग बोलावंच लागलं.

"ताडपत्री कुठंय?" मी विचारलं. "मोठी, निळी."

इंदू ढिगावर पात पसरत होती. तिने वर बघितलं नाही.

"अप्पांकडे," ती म्हणाली. "शेवटच्या सभेला त्यांचा मांडव कमी पडत होता. मागायला माणूस आला, दिली."

मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. एक थेंब माझ्या मनगटावर पडला.

"उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "जा लवकर."

मी सायकल काढली आणि आमदारांच्या घरी ताडपत्री आणायला गेलो.